स्पंदनांचा आलेख आणि न विचारलेला प्रश्न

आपल्या वैद्यकीय संस्थेच्या स्मरणिकेसाठी हृदयविकारावर एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा दर वर्षी आग्रह असतो. आजवर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टीनंतरची पथ्ये अशा विषयांवर लिहून मी तो पाळत आलो. या वेळचा विषय मात्र माझ्या शाखेचा की मनोविकारतज्ज्ञांच्या शाखेचा, हे मलाही निश्चित सांगता येणार नाही. आपल्या एका मासिक सभेत एका तरुण बालरोगतज्ज्ञाने मला विचारले होते, "सर, हल्ली प्रत्येक मुलाच्या मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ असते. कोणत्या मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार घोळत आहेत, हे या घड्याळावरून आधी कळेल का?" सभेच्या शेवटची घाई होती. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना, कारण काही वर्षांपूर्वी याच प्रश्नाने माझ्या तपासणीच्या खोलीत येऊन मला चकवले होते.

एक जुना केसपेपर

रुग्णाच्या व त्याच्या पालकांच्या संमतीने, ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून ही हकीकत लिहीत आहे. अकरावीत शिकणारा सोळा वर्षांचा मुलगा. गाव बऱ्हाणपूरकडचे. इंदूरला भंवरकुआ भागातील कोचिंगसाठी आत्याकडे राहिलेला. आत्याच त्याला घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, याची छाती सारखी धडधडते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागाच असतो," त्या म्हणाल्या. मुलगा खाली पाहत बसला होता. "काय होतं रे?" या माझ्या प्रश्नावर "काही नाही काका, ठीक आहे" एवढेच उत्तर मिळाले.

मी छाती तपासली, ईसीजी काढला, रक्ताच्या तपासण्या केल्या आणि चोवीस तासांचा होल्टर लावला. झडपा निर्दोष होत्या, थायरॉइडचे प्रमाण योग्य होते. होल्टरमध्ये एकही धोकादायक अनियमित ठोका नव्हता. अहवालात मी "सायनस टॅकिकार्डिया, अन्य दोष नाही" असे लिहिले. मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "हृदय ठणठणीत आहे तुझं. आता निवांत अभ्यास कर." आत्यांचा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी एका रुग्णालयाच्या अपघात विभागातून फोन आला. मुलाने घरातील गोळ्या घेतल्या होत्या. सुदैवाने वेळेवर उपचार मिळाले आणि तो वाचला. प्रकृती सुधारल्यावर मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा त्याने सांगितलेले वाक्य मी विसरू शकलेलो नाही. "काका, तुम्ही छातीला वायरी लावल्या तेव्हा मला वाटलं, यात सगळं कळणार तुम्हाला. म्हणून मी काही बोललो नाही. नंतर तुम्ही म्हणालात, ठणठणीत आहे."

त्या रात्री मी त्याची होल्टरची नोंद पुन्हा उघडली. अनियमित ठोके नव्हतेच. पण झोपेत ज्या वेळी या वयाच्या मुलाची गती साठीच्या घरात उतरावी, त्या वेळीही ती नव्वदीच्या आसपास रेंगाळत होती. दोन ठोक्यांमधील अंतराचा चढउतारही फार कमी होता. आलेख काहीतरी सांगत होता. परंतु मी त्याला जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले होते. दुसरा प्रश्न मी ना आलेखाला विचारला, ना मुलाला.

सेल्यूकसच्या दरबारातील वैद्य

नाडीवरून मनाचा ठाव घेण्याची धडपड नवी नाही. आपल्याकडील वैद्यांच्या नाडीपरीक्षेचा लौकिक सर्वांना माहीत आहे. ग्रीक इतिहासकार प्लूटार्कने अशीच एक कथा नोंदवली आहे. चंद्रगुप्त मौर्याशी तह करणारा जो सेल्यूकस आपल्याला शालेय इतिहासात भेटतो, त्याच्या मुलाची, अँटायोकसची ही कथा. हा राजपुत्र अन्नपाणी टाकून, देहाची हेळसांड करीत मरणाची वाट पाहू लागला. रोग कोणालाच सापडेना. इरॅसिस्ट्राटस नावाचा वैद्य कित्येक दिवस त्याच्या खोलीत बसून राहिला. खोलीत कोण येते, कोण जाते आणि त्या वेळी रोग्याच्या चेहऱ्यात, आवाजात, घामात व नाडीत काय फरक पडतो, हे तो पाहत राहिला. तरुण सावत्र आई स्ट्रॅटोनिसी आत आली की राजपुत्राची नाडी विस्कटते, हे त्याच्या ध्यानात आले आणि न सांगता येणारे दुःख उघड झाले.

कथा कितपत खरी, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. मला तिच्यातील पद्धत महत्त्वाची वाटते. नाडीने फक्त "आता काहीतरी घडले" एवढेच सांगितले. काय घडले, हे त्या वैद्याला रोग्याशेजारी बसून राहिल्यामुळे कळले. आजच्या घड्याळाचे सामर्थ्य आणि मर्यादा या एका कथेत सामावलेल्या आहेत.

निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही

"तुमचे हृदय घड्याळासारखे नियमित चालते आहे" असे आपण कौतुकाने म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या हे कौतुक चुकीचे आहे. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर सतत बदलत असते. श्वास आत घेताना गती किंचित वाढते, सोडताना उतरते. स्टीफन हेल्स याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घोड्यांवरील प्रयोगांत श्वास व रक्तदाब यांच्या या नात्याची नोंद सापडते. कार्ल लुडविगने १८४७ मध्ये ते यंत्राने रेखून दाखवले.

हृदयातील सायनस नोड या केंद्राला एकटे सोडले, तर ते मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते. विश्रांतीत आपली गती साठ-सत्तर असते, कारण व्हेगस नावाची मज्जा तिला सतत लगाम घालून असते. हा लगाम अतिशय चपळ आहे. त्याचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. गती वाढवणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचा परिणाम मात्र काही सेकंदांनी उमटतो. त्यामुळे ठोक्याठोक्यांतील बारीक चढउतार हा मुख्यतः व्हेगसच्या कामाचा पुरावा मानला जातो. यालाच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही, म्हणतात. आपण त्याला स्पंदनविचलन म्हणू. ते मोजण्याच्या व त्याचा अर्थ लावण्याच्या पद्धती युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने १९९६ मध्ये निश्चित केल्या. त्याआधीच १९८७ मध्ये, हृदयविकाराचा झटका आलेल्या ८०८ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचे स्पंदनविचलन फार कमी होते त्यांचा मृत्यूचा धोका पाच पटींहून अधिक असल्याचे दिसले होते. म्हणजे हे मोजमाप प्रथम आमच्या शाखेत रुजले आणि नंतर मनोविकारशास्त्राकडे गेले.

ते तिकडे का गेले, याचे कारण मेंदूत आहे. भीती, राग, निराशा या भावनांना आवर घालणारे मेंदूच्या पुढील भागातील केंद्र आणि व्हेगसचा लगाम यांच्यात जोडणी आहे. ज्युलियन थेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, मेंदूची भावना सावरण्याची क्षमता जितकी लवचिक, तितके स्पंदनविचलन अधिक. पौगंडावस्थेत भावनांचा जोर आधी वाढतो आणि त्यांना आवरणारे केंद्र उशिरा पक्व होते. म्हणून याच वयात या मोजमापाकडे संशोधकांचे लक्ष वळले, हे स्वाभाविक होते.

पाठीवरच्या ओझ्यापासून मनगटापर्यंत

अमेरिकेतील माँटाना राज्याच्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओलहरींनी टिपला, तेव्हा ते यंत्र पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज तेच काम छातीवर चिकटवलेली पट्टी करते. मनगटी घड्याळाची रीत वेगळी आहे. त्यातील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. त्यावरून घड्याळ नाडीचे अंतर काढते. म्हणजे घड्याळ हृदयाची वीज पाहत नाही, मनगटातील रक्ताची लाट पाहते.

निवांत झोपेत हे मोजमाप चांगले येते. हात हलला, पट्टा सैल झाला, थंडीने मनगट गार पडले की ते बिघडते. स्पंदनविचलनाच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते, कारण आपण सेकंदाच्या हजाराव्या भागातील फरक मोजत असतो. एक ठोका निसटला, तर दोन ठोक्यांमधील अंतर एकदम दुप्पट भासते आणि एचआरव्हीचा आकडा खोटाच फुगतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळे वेगवेगळी सूत्रे वापरतात. त्यामुळे एकाच्या घड्याळातील आकडा दुसऱ्याच्या घड्याळाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. मोठ्या भावाचा आकडा सत्तर आणि धाकट्याचा चाळीस, एवढ्यावरून धाकट्याची चिंता करू लागलेले एक वडील माझ्याकडे आले होते. धाकटा अगदी आनंदात होता. निरोगी माणसांतही हा आकडा कितीतरी पटींनी वेगळा असू शकतो. तुलना करायचीच तर त्याच मुलाच्या आधीच्या आकड्यांशी करावी.

संशोधन कोठवर आले आहे

नैराश्य असलेल्या प्रौढांमध्ये स्पंदनविचलन कमी असते, असा निष्कर्ष २०१० मधील एका एकत्रित विश्लेषणात निघाला. मुले व किशोरांविषयी तशाच प्रकारचे विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही नैराश्यग्रस्त मुलांची विश्रांतीतील हृदयगती अधिक व व्हेगसचा प्रभाव कमी आढळला. स्वतःला इजा करून घेतलेल्या किशोरवयीन मुलींवरील अमेरिकेतील एक अभ्यास २००५ मध्ये आला होता. त्यातही श्वासाबरोबर होणारे स्पंदनविचलन अन्य मुलींपेक्षा कमी दिसले. मात्र तो मूठभर मुलींवरचा अभ्यास होता.

येथे वैद्यकीय वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. "ज्या गटाने प्रयत्न केला, त्या गटाची सरासरी कमी आहे" आणि "या मुलाचा आकडा कमी आहे, म्हणून हा प्रयत्न करील" ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला आधार आहे, दुसऱ्याला अद्याप नाही. कमी स्पंदनविचलन नैराश्यात दिसते, चिंताविकारात दिसते, मधुमेहात दिसते, नुसत्या जागरणानेही दिसते. ते तापासारखे आहे. ताप आहे म्हणजे काहीतरी बिघडले आहे. पण तापावरून टायफॉइड की मलेरिया हे ठरत नाही.

एकूणच आत्महत्येचे भाकीत ही मोठी अवघड गोष्ट आहे. पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने असे दाखवले की, कोणताही एकच धोक्याचा घटक घेतला, तर त्यावरून केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे ठरते. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मोबाइलवरून दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा आत्महत्येचे विचार काही तासांतच तीव्र होतात आणि ओसरतात, असे आढळले. महिन्यातून एकदा होणाऱ्या भेटीत अशी लाट हाती लागणे कठीण. अंगावर सतत असणाऱ्या साधनांविषयी संशोधकांना आशा वाटते ती या कारणाने. अमेरिकेत रुग्णालयात दाखल असलेल्या, आत्महत्येचा धोका असलेल्या पन्नास किशोरांना मनगटी यंत्रे देऊन पाहण्यात आली. मुलांनी ती विनातक्रार वापरली, असे २०१९ च्या अहवालात नमूद आहे. मुले यंत्र वापरतील, एवढे यातून समजले. त्या नोंदींवरून जीव वाचेल का, हे सिद्ध होणे अजून बाकी आहे.

थोडे अंकगणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शाळेत हजार मुले आहेत आणि त्यांतील दहा जण येत्या वर्षात आत्महत्येचा प्रयत्न करणार आहेत, असे धरू. आपले घड्याळ बऱ्यापैकी हुशार आहे, असेही मानू. धोक्यातील शंभरांपैकी ऐंशी ते ओळखते आणि सुरक्षित शंभरांपैकी ऐंशींना सुरक्षित म्हणते. मग दहांपैकी आठ मुले सापडतील, दोन निसटतील. उरलेल्या ९९० सुरक्षित मुलांपैकी १९८ जणांवर मात्र विनाकारण लाल खूण उमटेल. म्हणजे लाल खुणेच्या २०६ मुलांत खरी आठ. वर्गावर्गातून दोनशे मुलांच्या कपाळी असा शिक्का बसला, तर ती मुले, त्यांचे पालक आणि शिक्षक यांचे काय होईल, याचा विचार करावा.

हेच घड्याळ मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात नेले, जेथे शंभरांपैकी वीस मुले धोक्यात आहेत, तर चित्र बदलते. वीसपैकी सोळा सापडतील, ऐंशींपैकी सोळांवर खोटी खूण पडेल. म्हणजे दर दोन खुणांत एक खरी. तरीही चार मुले निसटतीलच. म्हणून सरसकट शाळांतून घड्याळे वाटण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे, आणि उपचार चालू असलेल्या मोजक्या मुलांसाठी हे साधन पूरक म्हणून अभ्यासण्यास पाठिंबा आहे.

आलेख कशाकशाने फसतो

आपल्या भागातील मुलींमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो. त्याने विश्रांतीतील गती वाढते. थायरॉइडचा विकार, ताप, दम्याचा पंप, रात्री जागण्यासाठी प्यायलेली कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक, एकाग्रतेसाठी दिलेली मेथिलफेनिडेटसारखी औषधे, यांतील प्रत्येकाने आलेख बदलतो. नैराश्यावरील जुन्या ट्रायसायक्लिक गटातील औषधे स्वतःच स्पंदनविचलन कमी करतात. म्हणजे उपचार चालू झाल्यावर मुलगा हसू-बोलू लागला, तरी घड्याळ रडतच राहील.

उलटी फसगत अधिक घातक असते. अतिरेकी उपोषणाने कृश झालेल्या मुलीची गती मंद आणि विचलन भरपूर असू शकते. घड्याळ तिला खेळाडू समजेल. रोज मैदानावर धावणाऱ्या मुलाचे आकडे उत्तम असतील आणि तरीही तो मनातून पुरता खचलेला असू शकेल. माझ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, चांगला आलेख हातात घेऊन कोणत्याही मुलाला "तुला काही झालेले नाही" असे सांगू नये. माझ्या हातून झालेली चूक नेमकी हीच होती.

मग उपयोग कोणता?

घड्याळ पूर्णपणे निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अनुभवाने मी त्याचे स्थान असे ठरवले आहे. एखाद्या मुलाची झोपेतील गती दोन-तीन आठवडे त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर राहिली, झोपेचे तास घटले, पावलांची संख्या निम्म्यावर आली, तर प्रथम शारीरिक कारणे शोधावीत आणि ती शोधत असतानाच मुलाशी एकांतात बोलावे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयातून घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. या काळात मुलाची स्वतःची संमती असेल, तर रात्रीच्या झोपेची नोंद पुढच्या भेटीत बोलण्याचा धागा म्हणून उपयोगी पडते. "मंगळवारी रात्री तुला झोप लागलेली दिसत नाही. काय चाललं होतं मनात?" असे विचारता येते. मिनिटाला सहाच्या सुमारास संथ श्वास घेण्याचा सराव घड्याळाच्या मदतीने करता येतो. त्याने अस्वस्थता कमी होण्यास मदत होते. पण तो आत्महत्या टाळण्याचा उपचार होय, असा गैरसमज नसावा.

प्रश्न विचारण्याचे भय

"असे विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल" ही भीती डॉक्टरांनाही वाटते. मलाही वाटत असे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या भीतीला उत्तर देतो. निम्म्या मुलांना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत. विचारल्यामुळे कोणाचेही दुःख वा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत; जी मुले आधीच त्रस्त होती, त्यांना उलट थोडे हलके वाटल्याचे दिसले.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये चार प्रश्नांची एक छोटी पद्धत प्रसिद्ध केली. तिचा आशय मी आपल्या बोलीत असा मांडतो. गेल्या काही आठवड्यांत मरून गेलो तर बरे, असे वाटले का? आपण नसलो तर घरच्यांचे बरे होईल, असे वाटले का? गेल्या आठवड्यात स्वतःला संपवण्याचा विचार आला का? पूर्वी कधी तसा प्रयत्न केला आहे का? यांतील एकाचे उत्तर जरी होकारार्थी आले, तरी पाचवा प्रश्न विचारायचा: या क्षणी तसा विचार मनात आहे का? त्याचे उत्तर "हो" असेल, तर त्या मुलाला क्षणभरही एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञांकडे पोचवणे हे आपले त्या दिवसाचे पहिले काम. हे प्रश्न आई-वडिलांना बाहेर बसवून विचारावेत आणि घाईने, दाराकडे पाहत विचारू नयेत. सगळे मिळून मिनिटभरही लागत नाही. होल्टरला चोवीस तास लागतात.

पालकांशी चार शब्द

ही स्मरणिका डॉक्टरांबरोबर आपल्या समाजातील अनेक कुटुंबे वाचतात, म्हणून हे त्यांच्यासाठी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या; त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. गावाहून मूल शिकायला पाठवताना आपण खोली, डबा, क्लासची फी यांची चौकशी करतो. त्याला रडावेसे वाटले तर ते कोणाजवळ रडेल, ही चौकशीही करावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्था व कोचिंग क्लासेससाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे म्हटले आहे. प्रवेश घेताना त्याविषयी अवश्य विचारावे.

मूल एकलकोंडे होणे, "मी तुमच्यावर ओझं आहे" अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, झोप व भूक बदलणे, खूप अस्वस्थतेनंतर अचानक शांत होणे, या खुणा घड्याळापेक्षा अधिक बोलक्या आहेत. घरातील औषधे, विशेषतः आजी-आजोबांच्या गोळ्या, आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत. जीव देण्याची ऊर्मी अनेकदा काही वेळच टिकते. त्या वेळात साधन हाती न लागणे म्हणजे जीव वाचणे होय.

घड्याळ हे पाळत ठेवण्याचे साधन करू नये. मुलाच्या नाडीचा आकडा बापाच्या मोबाइलवर दर तासाला येऊ लागला, तर मूल घड्याळ काढून ठेवील आणि बोलणेही बंद करील. मुलांच्या माहितीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने विशेष संरक्षण दिले आहे, तेही ध्यानात असावे.

आणखी एक जुनी भीती काढून टाकायला हवी. पोलिसांच्या धाकाने अनेक कुटुंबे "चुकून औषध घेतले" असे सांगतात आणि मूल मानसोपचारांपासून वंचित राहते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला भरला जात नाही आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. म्हणून डॉक्टरांना खरे सांगावे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची टेली-मानस सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठी-हिंदीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

समारोप

तो मुलगा पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांनी सावरला. वर्षभर गावी राहिला, विज्ञान शाखा सोडली आणि आता त्याच्या आवडीचे शिक्षण घेतो आहे. दिवाळीत आत्यांकडे आला की भेटून जातो. मागच्या खेपेला त्याच्या मनगटावर नवे घड्याळ होते. मी सवयीने त्याकडे पाहिले, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, यातलं नका बघू. मलाच विचारा." मी विचारले. त्याने बराच वेळ सांगितले.

त्या प्रसंगानंतर मी माझ्या केसपेपरवर, नाडी व रक्तदाबाच्या रकान्यांखाली, एक ओळ छापून घेतली आहे: "रुग्णाशी एकांतात बोललो का?" दहा ते एकोणीस वर्षांचा कोणताही रुग्ण छातीच्या धडधडीसाठी आला, तर ती ओळ भरल्याशिवाय मी कागद सही करून देत नाही. सभेत मला प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुण सहकाऱ्याला माझे सविस्तर उत्तर हेच आहे. घड्याळाने शंका दाखवली तर तिचे स्वागत करावे. न दाखवली तरी विचारायचे सोडू नये. ही ओळ आपणही आपल्या केसपेपरवर छापून घ्यावी, अशी सर्व व्यवसायबंधू-भगिनींना नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.